कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी, हे कोणी सांगितलं?

सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने ॲड्रेस बारमधलं ते छोटंसं कुलूप काढून टाकलं, बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नसेल, आता त्या जागी सेटिंगसारखं काहीतरी चिन्ह दिसतं. काढण्यामागचं कारण मात्र भारी आहे. गुगलचंच म्हणणं होतं की लोक कुलूप बघून साइट खरी आहे असं धरून चालतात आणि हल्ली जवळपास सगळ्या फसव्या साइट्सकडेही तेच कुलूप असतं. म्हणजे इतकी वर्षं आपण घरात सगळ्यांना "कुलूप बघ, मगच पासवर्ड टाक" असं घोकून घेतलं आणि आता तेच अंगाशी यायला लागलंय.

तर हे कुलूप नक्की कसली खात्री देतं आणि ती खात्री कुठे संपते, हे कळायला मागे चालणारे प्रोटोकॉल थोडे समजून घ्यावे लागतात. शब्दाला घाबरू नका, दोन मशीननी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल, आधी कोणी बोलायचं, कुठल्या क्रमाने, उत्तर नाही आलं तर काय करायचं, एवढंच. गोची अशी की यातले बरेचसे मूळ नियम १९७० आणि ८० च्या दशकात लिहिले गेले, तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं, संशोधन संस्था आणि अमेरिकन लष्कर एवढीच मंडळी होती, बहुतेक जण एकमेकांना ओळखायचे, समोरचा धडधडीत खोटं बोलेल हे कोणी फारसं मनावरच घेतलं नव्हतं. सुरक्षा नंतर आली, आणि जिथे जिथे फटका बसला तिथे तिथे ठिगळासारखी लावली गेली. म्हणून आजही एका थरावर कडेकोट बंदोबस्त आणि त्याच्या खालच्या थरावर सगळा रामभरोसे कारभार, असं चित्र आहे.

समजा तुम्ही एखाद्या लॉजच्या वायफायवर बसून बँकेची साइट उघडताय. फोन वायफायला जोडला गेला पण त्याला अजून स्वतःचा पत्ताच नाहीये. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "पत्ता देणारं कोणी आहे का इथे?" राउटर म्हणतो "आहे ना, १९२.१६८.१.३७ घे", फोन म्हणतो "चालेल, हाच घेतो", राउटर म्हणतो "ठीक, तुझ्या नावावर टाकला". हे चार निरोप म्हणजे डीएचसीपी, नेटवर्कवाले याला डोरा म्हणतात, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲकनॉलेज. पत्ता ठराविक वेळेपुरताच मिळतो, भाड्याने घेतल्यासारखा, आणि त्याच्यासोबत बाहेर पडायचं दार (गेटवे) कुठलं आणि नावं कोणाला विचारायची हेही कळतं. विंडोजवर कधी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं की मशीन ओरडून दमलं, कोणी उत्तरच दिलं नाही, आणि शेवटी त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला.

आता यातली मेख बघा. उत्तर देणारा खरा राउटरच आहे का हे फोन तपासत नाही, ज्याचं उत्तर आधी आलं तो खरा. ऑफिसात कोणीतरी घरचा जुना राउटर आणून उलटसुलट पोर्टात केबल खोचतो आणि अर्ध्या मजल्याचं नेट जातं, तो प्रकार हाच, दोन-दोन जण पत्ते वाटत बसलेले असतात. ही झाली चूक, पण हेच कोणी मुद्दाम केलं तर?

त्याच्या शेजारचा भाऊ म्हणजे एआरपी, १९८२ चा. याचं काम इतकंच, की हा आयपी पत्ता नक्की कुठल्या यंत्राचा हे शोधायचं. फोन विचारतो "१९२.१६८.१.१ कोण?" आणि जो "मी" म्हणेल त्याच्याकडे डेटा पाठवायला लागतो. पुरावा नाही, सही नाही, काही नाही. शेजारच्या खोलीतला एखादा आगाऊ पोरगा लॅपटॉपवरून "मीच गेटवे, मीच गेटवे" असं सारखं सांगत राहिला तर तुमचं सगळं येणंजाणं त्याच्या लॅपटॉपमधून व्हायला लागतं. कंपन्यांच्या महागड्या स्विचमध्ये यावर बंदोबस्त असतो, लॉजवाल्याच्या स्वस्तातल्या डब्यात बहुतेक वेळा नसतो. तेव्हा खालचा मजला हा असा आहे, हे धरूनच वर चढायचं.

पुढचा टप्पा नावाचा. तुम्ही बँकेचं नाव टाकता पण मशीनना आकडे लागतात. अगदी सुरुवातीला हे काम एका टेक्स्ट फाइलवर चालायचं, खरंच, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती फाइल सांभाळायची आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. मशीन वाढली तसं ते झेपेना, मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं. त्यात सगळी नावं एकाच ठिकाणी नसतात, सगळ्यात वर रूट सर्व्हर, ए ते एम अशी त्यांची १३ नावं (प्रत्यक्ष मशीन जगभर हजाराहून जास्त ठिकाणी पसरलेली आहेत), ते म्हणतात "डॉट इन वाल्यांना विचार", डॉट इन वाले म्हणतात "या नावाचा हिशोब अमक्याकडे", आणि तो अमका शेवटी आकडा सांगतो.

पण हा सगळा सवालजवाब उघड्यावर चालतो. उत्तर खऱ्याकडूनच आलंय हे ओळखायला २००८ पर्यंत तरी मुख्य खूण काय, तर प्रश्नासोबत गेलेला एक नंबर, आणि तो ६५,५३६ पैकी एक. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिलं की खोट्या उत्तरांचा मारा करून हा नंबर जुळवता येतो आणि एकदा जुळला की त्या सर्व्हरला विचारणारा प्रत्येक माणूस भलत्याच साइटवर जातो. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी आधी गुपचूप एकत्र बसून मग एकाच वेळी दुरुस्ती सोडली होती. त्यानंतर उत्तरावर सही करायची सोय वाढत गेली, तिला डीएनएससेक म्हणतात, आणि सवालजवाब झाकून पाठवायचीही आली. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, लोक हमखास गल्लत करतात, सहीमुळे उत्तर खरं ठरतं पण ते कोणीही वाचू शकतो, झाकल्यामुळे वाटेतल्याला वाचता येत नाही पण उत्तर देणाराच खोटारडा असेल तर काय घ्या. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" दिसतं ना, ते झाकायचं काम करतं. चालू ठेवायला हरकत नाही.

आकडा मिळाला, आता प्रवास. तुमचा निरोप तुकड्या तुकड्यांत जातो, प्रत्येक तुकड्यावर कुठून कुठे ते लिहिलेलं असतं ते काम आयपीचं, आणि तुकडे क्रमाने लागले का, एखादा गहाळ झाला का, झाला तर परत मागव, ही उस्तवार टीसीपीची. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटने (इंटरनेटचा पूर्वज) हे अधिकृतपणे स्वीकारलं. व्हिडिओ कॉलला हरवलेला तुकडा परत मागवत बसण्यात अर्थ नसतो, म्हणून तिथे शक्यतो यूडीपी, पाठवून मोकळं व्हायचं. टीसीपीबद्दल सगळीकडे एवढं लिहिलेलं असतं की मी इथे थांबतो, कारण खरी गंमत रस्ता शोधण्यात आहे.

हा रस्ता शोधतो बीजीपी. परगावी गेलं की आपण कसं पुढच्या गावात विचारत विचारत जातो, आणि प्रत्येक गावचा माणूस "अमुक ठिकाण ना, इकडून जा" असं सांगतो आणि आपण ऐकतो, डिट्टो तसंच. एखाद्याने खोटं सांगितलं तर सगळी वरात भलतीकडे. २४ फेब्रुवारी २००८ ला हेच झालं. पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं, त्यांनी आतल्या आत "यूट्यूबचा रस्ता आमच्याकडून" अशी खोटी पाटी लावली, ती पाटी हाँगकाँगच्या त्यांच्या पुरवठादाराने न तपासता पुढे जगाला सांगितली, आणि साधारण दोन तास जगभरातल्या लोकांच्या यूट्यूबच्या रिक्वेस्ट पाकिस्तानात जाऊन आपटत होत्या. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकने तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, देखभालीच्या कामात त्यांच्या सर्व्हरकडे जाणारे रस्तेच मागे घेतले गेले, त्यात त्यांचे डीएनएस सर्व्हरही नकाशावरून गेले, आणि सहा तासांच्या आसपास व्हॉट्सॲप, इन्स्टा, फेसबुक सगळं ठप्प. तेव्हा किती जणांनी आपला राउटर उगाच बंदचालू केला असेल देव जाणे. आता रस्त्याच्या दाव्यावरही सही असावी म्हणून आरपीकेआय नावाची सोय आहे, हळूहळू सगळे लावतायत, हळूहळूच.

म्हणजे आत्तापर्यंत तुम्ही पत्ता देणाऱ्यावर विश्वास ठेवला, गेटवेवर ठेवला, नाव सांगणाऱ्यावर ठेवला आणि वाटेतल्या सगळ्यांवर ठेवला. या सगळ्यांच्या वर कुलूपवाला बसतो, टीएलएस. ब्राउझर आणि साइट एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्या साध्या एचटीटीपीमध्ये पासवर्डसकट सगळं उघडं जायचं, म्हणून १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने एसएसएल आणलं, त्यात भोकं सापडत गेली तशा सुधारणा झाल्या, १९९९ मध्ये नाव बदलून टीएलएस झालं आणि सध्याची आवृत्ती १.३ ही २०१८ ची. त्याची भूमिका सुरुवातीपासूनच अशी की खालचे सगळे चोर आहेत असं समज आणि तरीही काम झालं पाहिजे.

कसं होतं हे? आधी कधीही न भेटलेल्या दोघांनी, सगळे ऐकत असताना, एक गुपित ठरवायचं. ऐकायला अशक्य वाटतं पण डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये याची पद्धत छापली, आणि ती शाळेतल्या गणितात बसते, कागद घेऊन करून बघा. तुम्ही आणि बँक उघडपणे दोन आकडे ठरवता, ३ आणि १७. तुम्ही मनात एक आकडा धरता, समजा ४. मग ३ चा चौथा घात ८१, त्याला १७ ने भागलं की बाकी १३, हा १३ तुम्ही पाठवता. बँक मनात ६ धरते, ३ चा सहावा घात ७२९, १७ ने भागून बाकी १५, तो ती पाठवते. आता तुम्ही बँकेच्या १५ चा तुमच्या मनातला घात काढता, चौथा, ५०,६२५, भागा १७ ने, बाकी १६. बँक तुमच्या १३ चा सहावा घात काढते, ४८,२६,८०९, भागा १७ ने, बाकी १६. दोघांकडे १६ आला आणि तो १६ तारेवरून कधी गेलाच नाही! ऐकणाऱ्याकडे ३, १७, १३, १५ एवढंच. एवढ्या छोट्या आकड्यांत तो अंदाज लावेल हे खरं, पण प्रत्यक्षात आकडे इतके अवाढव्य असतात (आणि हल्ली जास्त करून वक्ररेषांचं गणित वापरतात) की मनातला आकडा उलटा शोधून काढणं कोणाला परवडत नाही. दर वेळी नवा आकडा धरतात, म्हणून उद्या बँकेची कायमची किल्ली चोरीला गेली तरी आजचं जुनं संभाषण उघडत नाही.

झकास. पण तुम्ही गुपित ठरवलंत ते कोणाशी? मध्येच बसलेल्या त्या आगाऊ पोराशी तर नाही ना? इथे सर्टिफिकेट येतं. बँकेच्या सर्व्हरकडे एक दाखला असतो, "ही किल्ली या नावाच्या साइटचीच", आणि त्यावर एखाद्या संस्थेची सही. कुठल्या संस्थांच्या सह्या मानायच्या याची यादी तुमच्या फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असते, आपण कधी ती उघडूनही बघत नाही. आणि यातली एक संस्था जरी फुटली तरी खेळ बिघडतो. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार नावाच्या संस्थेत घुसून कोणीतरी गुगलच्या नावाचा खोटा दाखला काढला, तो इराणमधल्या लोकांवर वापरला गेला, आणि ती कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. लांब कशाला जा, २०१४ मध्ये आपल्याकडच्या एनआयसीच्या (केंद्र सरकारची संगणक संस्था) यंत्रणेतून गुगलच्या साइट्सचे अनधिकृत दाखले निघाले होते, गुगलला ते जुलैमध्ये सापडले, आणि मग भारताच्या त्या सरकारी सहीवर क्रोमने मोजक्याच भारतीय डोमेनपुरता विश्वास ठेवायचं ठरवलं. आता निघालेला दाखला सार्वजनिक नोंदवहीत टाकावा लागतो, म्हणून आपल्या नावाने कोणी दुसऱ्याने दाखला काढला तर शोधता येतो. ही सुधारणा मला सगळ्यात आवडते, कारण ती कोणावरही आंधळा विश्वास ठेवायला सांगत नाही.

आणि कुलपाची खात्री संपते ती इथेच. सर्वसाधारण दाखला एवढंच सांगतो की ज्याने तो घेतला त्याच्या ताब्यात ते डोमेन आहे. माणूस प्रामाणिक आहे का, ती खरंच बँक आहे का, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था असा दाखला काही मिनिटांत आणि फुकट देते, ते उत्तमच आहे, छोट्या साइट्सची फार मोठी सोय झाली, पण भामट्यालाही तोच दाखला तितक्याच मिनिटांत मिळतो. तुमचा पासवर्ड अगदी सुरक्षितपणे, वाटेत कोणालाही न दिसता, थेट चोराच्या हातात पोचतो.

म्हणून बघायचं ते नाव, आणि ते उजवीकडून वाचायचं. सुरुवातीचं "एचटीटीपीएस" आणि त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि शेवटाकडून मागे या. "माझीबँक डॉट कॉम डॉट केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड" यात माझीबँक कुठेच नाही, ज्याने "केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड" विकत घेतलं त्याने डाव्या बाजूला वाट्टेल ते चिकटवलंय. फोनवर तर ॲड्रेस बार एवढासा असतो की अर्धं नाव दिसतच नाही, तिथे बोट ठेवून पूर्ण नाव बघायची सवय लावून घ्या. रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी बँकांना "डॉट बँक डॉट इन" वर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती, आणि हे नाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनेच उभारलेल्या संस्थेकडून फक्त बँकांनाच मिळतं. तेव्हा शेवट बरोबर "डॉट बँक डॉट इन" असाच हवा, मध्ये रेघ, पुढे डॉट कॉम असलं काही चिकटलेलं असेल तर तिथूनच मागे फिरा.

फुकट वायफायबद्दल पण एक सांगतो, कारण व्हीपीएनच्या (तुमचं सगळं येणंजाणं झाकून आपल्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) जाहिरातींनी लोकांना फार घाबरवून ठेवलंय. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक ॲड-ऑन आलं होतं, कॅफेत बसून दोन क्लिकमध्ये शेजारच्याच्या फेसबुकमध्ये शिरता यायचं, कारण तेव्हा लॉगिनपुरतंच कुलूप असायचं आणि नंतरचं सगळं उघडं. त्या दणक्यानंतर मोठ्या साइट्स पूर्णपणे एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपवाल्या एचटीटीपीवर गेल्या. आज लॉजवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे बहुतेक वेळा कळतं, आत काय केलंत ते नाही. व्हीपीएन घेतलंत की ती "कुठली साइट" ही माहिती लॉजवाल्याऐवजी व्हीपीएन कंपनीला मिळते, बास. त्यातून फुकटचं व्हीपीएन असेल तर मला तरी लॉजवाला परवडला. फक्त एक करू नका, दाखला चुकीचा आहे असं सांगणारं लाल पान आलं तर "तरीही पुढे जा" दाबू नका, कारण नेमकं ते पान त्या आगाऊ पोराला पकडत असतं.

आता ईमेल. इथे परिस्थिती अजून वाईट होती. एसएमटीपी १९८२ चा, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला, आणि त्याचं संभाषण इतकं साधं आहे की हाताने टाइप करता येतं. एक सर्व्हर म्हणतो "हेलो, मी अमुक", मग "मेल फ्रॉम" म्हणून एक पत्ता देतो, "आरसीपीटी टू" म्हणून ज्याला पाठवायचं त्याचा देतो, "डेटा" म्हणतो आणि मजकूर ओततो, शेवटी एका ओळीवर नुसता एक टिंब, झालं, मेल गेला. तुम्हाला इनबॉक्समध्ये जो "प्रेषक" दिसतो तो या मजकुराच्या डोक्यावर लिहिलेला असतो, आणि तिथे मूळ नियमानुसार कोणीही काहीही लिहावं. पंतप्रधान कार्यालय लिहा, तुमच्या साहेबांचं नाव लिहा.

यावर तीन ठिगळं आहेत. एसपीएफमध्ये डोमेनचा मालक जाहीर करतो की माझ्या नावाने मेल या या सर्व्हरवरूनच येईल, डीकेआयएममध्ये मेलवर सही असते, आणि डीमार्क सांगतं की या दोन्हीत नापास झाला आणि नाव माझं लावलेलं असेल तर मेलचं काय करायचं, स्पॅममध्ये टाकायचा का दारातूनच परत पाठवायचा. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. संशयास्पद मेल आला तर कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये तीन टिंबांच्या मेनूत "शो ओरिजिनल" दाबा, वरच तिन्हीचा निकाल लिहिलेला असतो, पास का फेल. पण परत तेच, पास म्हणजे मेल त्या डोमेनवरूनच आलाय, आणि ते डोमेन केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड असू शकतं.

राहता राहिलं घरचं राउटर. त्यात कुठेतरी टेलनेट नावाचा पर्याय असेल तर तो आधी बंद करा. लांबून मशीन चालवायचा हा जुना प्रोटोकॉल, पासवर्ड उघडा पाठवणारा, १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरीला गेले आणि तिथल्याच तातू युलोनेन यांनी वैतागून त्याला पर्याय म्हणून एसएसएच लिहिलं, सगळे सर्व्हरवाले आज तेच वापरतात. पण स्वस्त कॅमेऱ्यांत आणि राउटरमध्ये टेलनेट तसंच राहिलं, कंपनीने घातलेल्या पासवर्डसकट, आणि २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने नेमकी अशीच उपकरणं लाखांनी गोळा करून डीएनएस पुरवणाऱ्या डिन कंपनीवर सोडली, त्यात ट्विटरसकट बऱ्याच साइट्स कित्येक तास बंद पडल्या होत्या.

दुसरं म्हणजे वायफायचा पासवर्ड. आपल्याकडे अर्ध्या सोसायटीचा वायफाय पासवर्ड म्हणजे स्वतःचा मोबाइल नंबर असतो. डब्ल्यूपीए२ मध्ये (वायफायला कुलूप लावायची नेहमीची पद्धत) तुमचा फोन जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती जवळपास बसलेला कोणीही टिपून घेऊ शकतो, आणि मग घरी जाऊन निवांत एकेक पासवर्ड लावून बघू शकतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी शक्यता, चांगल्या ग्राफिक्स कार्डला काही तासांचं काम, आणि तुमचा नंबर गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेला असेल तर तेवढेही कष्ट नकोत. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये हे घरी नेऊन लावून बघणं बंद केलंय, प्रत्येक प्रयत्न राउटरसमोरच करावा लागतो. राउटरच्या पानावर तो पर्याय असेल तर लावा, जुना टीव्ही किंवा प्रिंटर जोडायला नखरे करायला लागला तर दोन्हींचा एकत्र पर्यायही असतो, फक्त मग जुनी पळवाट उघडीच राहते, तेव्हा पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांबलचक ठेवा आणि डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय) बंद करून टाका.